दोन पातळ हात

३ सप्टेंबर

प्रिय सोन्या,

या पत्राला कारण एक निळा रंग.

तुझ्या शिपायांच्या पाठीवरच्या झुली तू ज्या निळ्याने रंगवल्यास, तो नेमका कोणता? तुझ्या खोक्यात निळ्याच्या बऱ्याच बाटल्या आहेत आणि सगळ्यांवरची नावं तुझ्याच बोटांनी पुसली गेली आहेत. झूल म्हटलं म्हणून चिडू नकोस. "आई, झूल बैलाला घालतात, याला क्लोक म्हणतात," हे तू शाळेत असल्यापासून सांगतो आहेस. पण माझ्या तोंडात झूलच बसली आहे, आता या वयात काय बदलणार!

तू फोन बंद ठेवला आहेस. येऊ नका म्हणालास. आलात तर इथूनही निघून जाईन आणि पुढचा पत्ता देणार नाही, असंही म्हणालास. बरं. तुमचं दोघांचं जमलेलं मोडलं, पाठोपाठ तू नोकरी सोडलीस, एवढ्या लांबच्या गावात कुणाच्या तरी माडीवर एकटा जाऊन राहिलास. तुला आत्ता कुणी डोळ्यांसमोर नको आहे, हे मी समजू शकते. पण पत्र लिहू नका असं काही तू म्हणालेला नाहीस. मी नीट आठवून बघितलं.

परवा जाड्या आला होता. तुझा हा शाळासोबती अजून तसाच आहे, दारातून तिरका आत येतो आणि आल्या आल्या स्वयंपाकघराकडे बघतो. त्याने आता खेळांचं दुकान टाकलं आहे. शनिवारी तिथे दाढीमिशीवाले बाप्ये टेबलाभोवती उभे राहून बोटाच्या पेराएवढे सैनिक सरकवतात, फासे टाकतात आणि भांडतात म्हणे. तो बसला. चहा दिला, तो तसाच ठेवला. जाड्यासमोरचं बिस्किट मऊ पडेपर्यंत शिल्लक राहिलं, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलं आहे. मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. तुझा निरोप होता. 'माझी सेना घरून घेऊन जा. तुला ठेव. मला आता लागणार नाही.'

"काकू, मला नकोय ती," तो म्हणाला. "पण तुम्हाला हे दाखवल्याशिवाय राहवेना."

मी म्हटलं, "सेना कुठेही जाणार नाही. अर्ध्याअधिक शिपायांना अजून रंगच नाही. असं उघडंवाघडं कुणाला घराबाहेर पाठवत नाही मी."

तो हसला, मग त्याचे डोळे भरून आले, तेवढ्यात तुझ्या बाबांच्या चपला वाजल्या तसं नाक पुसून म्हणाला, "सर्दी झालीय हो."

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर व्याकरणाच्या तासाला फळ्यावर एक वाक्य लिहायच्या आणि आम्ही त्याचे तुकडे करायचो. कर्ता कोण, कर्म कुठलं, काळ कोणता. तुझं ते वाक्य मी तसं सोडवून बघितलं. त्यातला 'आता' मला आवडला नाही.

तर मी ठरवलं आहे की उरलेले शिपाई मी रंगवणार. मला यातलं ओ का ठो कळत नाही, म्हणून तूच सांगायचं आहेस. एका शब्दात उत्तर दिलंस तरी चालेल. निळ्याच्या बाटल्या मी खिडकीत ओळीने लावल्या आहेत, सोबत त्यांचा फोटो आहे. डावीकडून कितवी, एवढंच कळव.

तुझी
आई


११ सप्टेंबर

प्रिय सोन्या,

निळ्याचं उत्तर आलं नाही. टपालाचं काही खरं नाही आजकाल. तोपर्यंत म्हटलं एकाला तरी हात लावू.

त्या शिपायाला नाक होतं. चांगलं सरळ, तरतरीत नाक. माझ्या पहिल्याच फटक्यात ते गेलं. जाड्याच्या दुकानात घेऊन गेले, तर त्याने दिव्याखाली धरून बघितलं आणि म्हणाला, "काकू, भिंत रंगवताय का?"

"अरे, रंग दिसायला नको?"

"रंग दिसतोय. माणूस दिसत नाहीये."

मग त्याने मला समोर बसवलं. त्याची बोटं बघशील तर केळ्यांसारखी, आणि ब्रश धरला की मुंगीच्या पायात पैंजण घालील असा हात चालतो. म्हणाला, आधी राखाडी अस्तराचा एक हात, मग मूळ रंग. रंग पाण्याने पातळ करायचा.

मी पातळ केला.

"अजून पातळ."

"एवढा?"

"दुधासारखा व्हायला पाहिजे."

"कुठल्या दुधासारखा? आमच्याकडच्या, की तुझ्या आईकडच्या?"

"आमच्या आईकडच्या," तो म्हणाला. "जे चहात घातलं तरी चहाला कळत नाही."

पहिला हात दिल्यावर शिपाई फार केविलवाणा दिसतो. कुठे रंग आहे, कुठे खालचं राखाडी दिसतंय. माझा जीव घाबरा झाला, लगेच दुसऱ्यांदा ब्रश बुडवायला गेले, तर जाड्याने माझं मनगटच धरलं. "सुकू द्या, काकू. ओल्यावर ओलं गेलं की खालचा उखडतो. दोन पातळ हात, मध्ये थांबायचं. एका जाड हातात कुणाचंच काम होत नाही." मी थांबले. आणि खरंच, दुसऱ्या हाताने तो भरून आला. नाकसुद्धा राहिलं. (हा दुसरा शिपाई. पहिला बिचारा बिननाकाचाच लढेल.)

एक खोड मात्र जात नाही. शाळेत शिवणाच्या तासाला आम्ही दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचो, तसा ब्रश आपोआप तोंडात जातो. परवा जेवताना तुझे बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "शाई प्यायलीस का?" निळे ओठ घेऊन मी शेजारी जाऊनही आले होते, कुणी काही बोललं नाही. माझ्या तब्येतीबद्दल काय काय पसरलं असेल देव जाणे.

बाबा अजून त्यांना बाहुल्याच म्हणतात. पण त्यांच्या जुन्या कामाच्या टेबलावरचा लांब मानेचा दिवा, ज्याच्याखाली ते जन्मभर नकाशे काढत बसले, तो काल माझ्या टेबलावर आला आहे. कुणी आणला, का आणला, काही बोलणं नाही. औषधाच्या बाटल्यांची बुचंसुद्धा कापून ठेवली आहेत, शिपाई त्यावर चिकटवला की हातात नीट धरता येतो. तुझ्या निरोपाबद्दल मी त्यांना बोललेले नाही. त्यांचं ब्लडप्रेशर तुला माहीत आहे.

तू म्हणालास तसं मी कुणाकडे तुझी चौकशी करत नाही. दाढी वाढवली आहेस तर निदान खाली दुधाची पिशवी घ्यायला येतोस तेव्हा गळ्याशी काहीतरी गुंडाळत जा, तिथे गारठा लवकर पडतो.

आणि हो, पट्ट्याचा तपकिरी आणि बुटांचा तपकिरी एकच ठेवायचा की वेगळा? एका शब्दात सांग.

आई


२४ सप्टेंबर

प्रिय सोन्या,

दाढीचं लिहिलं तेव्हाच तुझ्या लक्षात आलं असणार. तुझ्यापासून काय लपतं म्हणा! तर हो. तुझ्या घरमालकीणबाईंचा नंबर मी शोधून काढला आणि त्यांना फोन करते. स्वभावाने बऱ्या वाटल्या, बोलायला मात्र कात्री. "तुमचा मुलगा आहे. चालतो, फिरतो. दूध घेतो. 'कसे आहात' विचारलं की 'ठीक' म्हणतो. आणखी काय सांगू, मी काय त्याच्या खोलीत राहते का?" मी विचारलं, पत्रं मिळतात का त्याला. म्हणाल्या, "जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवते. संध्याकाळी नसतात."

संध्याकाळी नसतात. मी ते दोन शब्द दिवसभर घोळवत होते.

तर मी सावली शिकले.

गढूळ पाण्यासारखा एक रंग असतो, जाड्या त्याला वॉश म्हणतो. तो सगळीकडे लावून सोडायचा. तो आपला आपण खळग्यात जाऊन बसतो. झुलीच्या चुण्यांत, पट्ट्याखाली, डोळ्यांच्या खोबणीत. उंचवट्यावर थांबत नाही. मी बघतच राहिले. म्हटलं, "जाड्या, हे अगदी मनातल्या दुःखासारखं आहे रे, खोल जागा शोधत जातं." तर म्हणतो, "काकू, कविता नंतर. आधी ते टिपा, ढालीवर डबकं झालंय."

ते सुकलं की मूळ रंग परत एकदा फक्त उंच जागांवर, आणि शेवटी त्यात थोडा पांढरा मिसळून अगदी कडांना. बस्स. एवढ्या तीन गोष्टींत तो तिळाएवढा चेहरा जिवंत होतो. फार कलाकुसर नको, नीटनेटकं हवं, असं जाड्या म्हणतो. हे मला जमण्यासारखं आहे. आमच्या शाळेत कुणी कलाकार झालं नाही, पण समासाबाहेर लिहिणारी एकही मुलगी तिथून बाहेर पडली नाही.

चित्रकलेच्या तासाला सिस्टर टेबलावर एक सुरई आणि दोन सफरचंदं मांडायच्या आणि वर बघून म्हणायच्या, "मुलींनो, उजेड नेहमी वरून येतो." आम्हाला वाटायचं, देवाबद्दल बोलताहेत. पुष्कळ वर्षांनी मला समजलं की त्या छताच्या गळक्या कौलाकडे बघत असायच्या.

तरी पण मी एक वेगळा प्रयोग केला आहे. सोबत फोटो पाठवते. या शिपायाला मी उजेड खालून दिला. बूट लख्ख आणि डोकं काळोखात. हनुवटीच्या खाली पांढरी रेघ. मला तर वाटतं, असंच जास्त उठून दिसतं. सगळ्यांनाच असं करावं म्हणते. तुझं काय मत?

आई


५ ऑक्टोबर

सोन्या,

उजेडाबद्दल काही कळवलं नाहीस.

बाबा मघाशी दिव्याखाली डोकावून गेले. विचारत होते, "आज किती जणांना जिवंत केलंस?" मी म्हटलं, दोन. म्हणाले, "चांगलं आहे."

नंतर न्हाणीघरात नळ नुसताच सोडून ते आत उभे होते. पाणी बादलीत नाही, नुसतं फरशीवर पडत होतं.

आता एकटा झेंडेवाला राहिला. त्याला अस्तराच्या पुढे मी हात लावलेला नाही. झेंड्यावर तुझ्या मनात काय होतं, ते मला ठाऊक नाही. खोक्यात सापडेल म्हणून शोधलं, काही नव्हतं. तू मनातच ठेवलं असशील.

काय होतं रे त्या झेंड्यावर?

आई


१६ ऑक्टोबर

सोन्या,

सगळं नासलं.

आज मी विनोद करणार नाही आणि रंगाचा एक शब्दही विचारणार नाही. हे पत्र मालकीणबाई पायरीवर न ठेवता दाराखालून आत सरकवणार आहेत, तसं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. सगळं वाच. एकदाच वाच, पण सगळं वाच.

गेल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "पत्र पायरीवरच आहे हो." दुसऱ्या दिवशी विचारलं, तर तेच. दूध घेतलं, म्हणाल्या, पण पत्राकडे बघितलं नाही. मला काही सुचेना. डोक्यात एकच बसलं, की सेना पुरी करायची आणि सगळ्या सेनेचा एकत्र फोटो तुला पाठवायचा. तो बघून तरी तुला वाटेल की काहीतरी लागणार आहे. शेवटचं वार्निश तेवढं मारायचं राहिलं होतं. जाड्याने मला बजावून सांगितलं होतं, "काकू, वार्निश फवारायचं ते कोरड्या हवेत. दमट असेल तर हात लावायचा नाही, मला विचारायचं." बाहेर सकाळपासून झिमझिम चालू होती, कपडे वाळत नव्हते, मीठसुद्धा ओलं झालं होतं. सगळं मला दिसत होतं. पण मला थांबवेना. गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, झेंडेवाला सोडून सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि फवारलं.

माझे फवारले आणि तुझेही. फोटोत सारखे दिसावेत म्हणून तू रंगवलेलेही मी त्यांच्याशेजारी उभे केले होते.

आत येऊन चहा ठेवला. परत गेले तर सगळे पांढरे. राख फासल्यासारखे. झुली गेल्या, चेहरे गेले, तू ढालींवर केसाएवढ्या ब्रशने काढलेले ते पक्षी गेले. ओल्या फडक्याने पुसून बघितलं, निघत नाही. मी खाली फरशीवर बसून राहिले, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही.

बाबा आले. त्यांनी एक शिपाई उचलला, चष्मा वर करून बघितला. मला वाटलं, म्हणतील, बाहुल्या तर आहेत. ते माझ्याशेजारी खाली बसले. त्यांचे गुडघे कसे आहेत तुला माहीत आहे, खाली बसायचं म्हणजे उठवायला दोन माणसं लागतात. म्हणाले, "निरोप मलाही माहीत आहे. जाड्याला मीच दम देऊन विचारलं होतं, सर्दीच्या दिवशीच." आणि मालकीणबाईंना तेही फोन करतात, सोन्या. रोज फिरायला जातो म्हणून बाहेर पडतात आणि कोपऱ्यावरच्या बाकावर बसून फोन लावतात. त्या बाई एकच बातमी आम्हा दोघांना वेगवेगळी सांगत होत्या आणि एकाचं दुसऱ्याला कळू देत नव्हत्या. एका घरात राहून आम्ही दोघं एकमेकांचं ब्लडप्रेशर सांभाळत होतो.

आता खरं सांगते. उजेड खालून येत नाही, हे मला ठाऊक आहे. तो शिपाई मी मुद्दाम बिघडवला. तुला गोवर आला होता तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं होतं. अंगात फणफणून ताप, डोळे उघडवत नव्हते, आणि तू उठून खुर्चीवर चढून ते सरळ केलंस आणि मग येऊन झोपलास. मला वाटलं, ज्याला वाकडं कॅलेंडर बघवत नाही, तो हे बघून निदान दोन शिव्या तरी लिहील. निळ्याची बाटली, तपकिरी पट्टा, सगळे माझे गळ होते. मला वाटायचं, प्रश्न मागे राहिला असेल तर माणूस उत्तर दिल्याशिवाय जाणार नाही.

जाणार नाही, असं मी लिहिलं. म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते तुला कळलं असेल. इतके दिवस मी तोंडातून काढलं नाही, जणू मी बोलले तर ते खरं होईल. आमच्या डॉक्टरीणबाईंना शेवटी विचारलं. त्या म्हणाल्या, "विचारल्याने काही होत नाही. न विचारता माणूस एकटा राहतो. सरळ विचारा." म्हणून सरळ विचारते.

तुला जगू नये असं वाटतं का?

वाटत असेल तर वाटतं म्हण. मी रडेन, पण मोडणार नाही. तू काय केलंस, काय मोडलंस, कोण गेलं, हे काही सांगू नकोस. ते सगळं नंतर. एवढंच सांग.

आणि आम्ही येतोय. तू नको म्हणालास तरी. शनिवारच्या गाडीने मी निघते, बाबा आणि जाड्या दोघेही सोबत आहेत. तू निघून जाशील म्हणालास, जा. मी त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहीन, जिथे माझी पत्रं बसायची तिथे. मालकीणबाईंना विचारून ठेवलं आहे. "बसा," म्हणाल्या, "पण थंडी फार असते, उशी आणा."

शिपायांचं मला माफ कर. तुझं जे होतं त्यातलं माझ्याकडे एवढंच होतं, आणि तेही मी पांढरं करून ठेवलं.

आई


२२ ऑक्टोबर, गाडीत

माझ्या सोन्या,

हे पत्र टपालात टाकत नाही. टपालाच्या आधी मीच पोचेन. पण हाताला सवय लागली आहे, आणि समोरच्या बाकावर जाड्या घोरतो आहे, बोलायला कुणी नाही. गाडी हलते म्हणून अक्षर असं. सिस्टरांनी बघितलं असतं तर पट्टी घेतली असती.

तुझं उत्तर काल दुपारी आलं. माझ्याच पत्राच्या पाठीमागच्या कोऱ्या जागेत लिहिलेलं, पाकीटही माझंच उलटं करून चिकटवलेलं. मी ते पोस्टमनसमोरच फोडलं. आता ते माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. पाठ झालं आहे, तरी उतरवून काढते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुला परत वाचता येईल.

'आई, फेकू नकोस. पुसू नकोस, घासू तर अजिबात नकोस. वार्निशमध्ये ओल धरली आहे, एवढंच झालंय. झुलींचा रंग गेलेला नाही, तो खालीच आहे. चकचकीत वार्निश घे, फवाऱ्याचं नाही, ब्रशने लावायचं. दोन पातळ हात. मध्ये सुकू दे. आधी सगळ्यात वाईट शिपायावर करून बघ. कोणता ते तुला माहीत आहे. उजेड खालून येत नाही, आणि तू ते मुद्दाम केलंस हे मला फोटो बघूनच कळलं होतं. तेव्हा हसू आलं होतं. लिहायला उठवलं नाही.

'तू विचारलंस त्याचं उत्तर, हो. वाटतं. आज सकाळी वाटलं होतं. हे लिहिताना कमी आहे.

'या. जिन्यावर बसू नका, दार लोटलेलं असेल.

'झेंडेवाला आण. तो मी करीन.'

बाबांनी ते वाचलं आणि घडी घालून माझ्या हातात परत दिलं. म्हणाले, "चकचकीत वार्निश कुठे मिळतं?" मी सांगायच्या आत पायात चपला होत्या. येताना दोन बाटल्या आणल्या. एक सांडली तर, म्हणाले.

खालून उजेडवाल्यावर आधी केलं. बाबांनी बूच धरलं आणि मी नुसता ब्रश टेकवला. पहिल्या हाताला काही झालं नाही, नुसता ओला पांढरा. मला लगेच दुसरा द्यावासा वाटला. बाबा म्हणाले, "सुकू दे लिहिलंय ना त्याने." आम्ही दोघं खुर्च्या ओढून त्या नखाएवढ्या माणसाकडे बघत बसलो. दुसऱ्या हाताला त्याचे बूट दिसायला लागले, मग पट्टा, आणि मग झूल. तीच झूल, त्याच निळ्याची. काही झालंच नव्हतं अशी.

तुझे मी नाही केले. तुझे बाबांनी केले. एकेक, रात्रीच्या जेवणापर्यंत, कुणाला जवळ येऊ न देता. ढालींवरचे पक्षी सगळे परत आले आहेत. ते फार चमकतात एवढंच, जाड्या म्हणतो लढाईला निघालेत की लग्नाला. त्यावर काय करायचं ते तू सांग.

मालकीणबाईंच्या ओळखीच्या एक डॉक्टर तुझ्या गल्लीच्या टोकाला बसतात. मनाच्याच डॉक्टर आहेत. मी चौकशी करून ठेवली आहे, हो, केली चौकशी, रागाव हवं तर. सोमवारी आपण जाऊ. मी आत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन.

मी तुझं शेवटचं वाक्य सोडवून बघितलं. कर्ता, मी. कर्म, तो. काळाला मी खूप वेळ लावला. 'करीन'चा काळ मला येत होता, पण सारखा सारखा म्हणून बघावासा वाटत होता.

जाड्या जागा झाला आणि डब्याकडे हात न्यायला लागला, खायला काहीतरी असेल म्हणून. त्याला सांगितलं, त्यात माणूस आहे. झेंडेवाला कापसात गुंडाळून डब्यात ठेवला आहे आणि डबा माझ्या मांडीवर. अजून तसाच राखाडी आहे. अस्तराचा एक हात, तेवढाच दिलेला.

गाडी हळू झाली आहे. बाबा उभे राहिले, अजून स्टेशन आलं नाही तरी.